वाचल्याशिवाय अंगठा नाही

जगदेव सातवी शिकलेला. इंझोरीच्या अलीकडच्या त्या गावात बौद्धपुऱ्यातला कोणताही अर्ज त्याच्याच हातचा. त्याचा एक कडक नेम होता. मजकूर दोनदा मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय तो कोणाचा अंगठा शाईला लावू देत नसे. एकदा तर त्यानं तलाठ्यालाही उन्हात ताटकळत ठेवलं होतं. "वाचल्याशिवाय अंगठा नाई," हे त्याचं पालुपद. त्याची नक्कल पुऱ्यात सगळेच करत.

चौऱ्याहत्तर साली गावचे पाटील पंजाबराव यांच्या गड्यांनी पुऱ्यातल्या गोजराबाईचा उजवा हात मोडला. गावच्या विहिरीवर घागर भरली, एवढाच तिचा गुन्हा. एकट्या विधवा म्हातारीनं ठाण्यात फिर्याद दिली. ती लिहिली अर्थातच जगदेवनं. मिटवून घे म्हणून पंजाबरावांचे दोन निरोप आले, पण ती बधली नाही.

त्याच महिन्यात आमदार माणिकरावांची जीप पुऱ्यात आली. निवडणुकीत जगदेवनं त्यांच्यासाठी चपला झिजवल्या होत्या. साहेब सरळ त्याच्या ओट्यावर बसले, घरचा चहा प्याले. तेवढ्यानंच जगदेव अर्धा विरघळला.

"मुंबईत कायदा येऊन राह्यला, जगदेव. गरिबावर हात टाकनाऱ्याले जामीन नाई, साक्षीदाराले पोलिसाचं संरक्षण. पन सभागृहात मले इचारतीन, लोकायचं म्हननं काय? पुऱ्याचे अंगठे पाह्यजे. मजकूर मंग वाशीमले वर टाइप करून घेतो. तुह्याशिवाय हे काम कोन करन?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला आणखी काय लागतं! कोऱ्या कागदावर जगदेवनं पहिली सही स्वतःची ठोकली आणि शाईची डबी घेऊन तो घरोघर हिंडला.

एकट्या गोजराबाईनं अंगठा मागं घेतला. "वाचून दाखव न, बापा."

"कायद्याचा कागद हाय, मावशी. खुद्द आमदारसायबाचा. माह्यावर इस्वास नाई काय?"

उजवा हात झोळीत होता. म्हातारीनं डावा अंगठा पुढं केला.

दोन महिने झाले तरी फिर्यादीचं काही हलेना, म्हणून जगदेव तिला घेऊन ठाण्यात गेला. हवालदारानं फाइल उघडून कागद पुढं सरकवला. वर स्वच्छ टाइप केलेलं: गावात कसलाही तंटा नाही, गोजराबाईचा हात पाय घसरून पडल्यानं मोडला, फिर्याद गैरसमजातून झाली. खाली जगदेवची झोकदार सही आणि पुऱ्याचे अंगठे.

"आमदारसायबच देऊन गेले," हवालदार म्हणाला. "पंजाबराव होते संग, जीपमधी."

जगदेवच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याला डोक्यावर घेऊन नाचलो, त्यानंच केसानं गळा कापला! संताप माणिकरावांचा आला, पंजाबरावांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तो कायदा पुढं झाला की नाही, पुऱ्याला कधीच कळलं नाही.

"काय लिवलं रे त्याच्यात?" गोजराबाईनं विचारलं.

जगदेवनं वाचलं.

"दोनदा वाचत असते न तू? वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, मोडका हात पदराखाली घेतला आणि उठली.

"आमदाराले मी कुठं वळखतो, जगदेवा," ती म्हणाली. "अंगठा म्या तुले देल्ला होता."