दळणाची ऊब

आमचे सातिवलीचे गिरणीवाले काका साधं 'या'सुद्धा ओरडूनच म्हणतात. सगळा जन्म गिरणीच्या घरघरीत गेलाय. दळणाच्या डब्याचं झाकण घाईने लावलं की खेकसतात, "गार होऊ दे ना!"

गेल्या आठवड्यात गिरणीतली मांजर टेम्पोखाली गेली. डोळेही न उघडलेली तिची तीन पिल्लं काकांनी खोक्यात घातली आणि खोकं ताज्या दळणाच्या गरम डब्यांना टेकवून ठेवलं. एक डबा निवला की दुसरा. दूध ड्रॉपरने, पण आधी ऊब. "गार पोटात दूध जिरत नाय." आमची दळणं अडकतात, पण कुरकुरायची हिंमत कोणात?

काल भर दुपारी वीज गेली. मी दळण आणायला गेले, तर काका एकेका डब्याला हात लावून बघत होते. सगळे निवले होते. त्यांनी खोकं माझ्यापुढे धरलं आणि पहिल्यांदाच हळू बोलले, "ताई, तिघंही ओरडतात का बघा. मला बारीक आवाज ऐकू येत नाय."

मी वाकून कान लावला. दोन आवाज ओळखू आले. तिसऱ्यासाठी मी कान तसाच ठेवला, आणि काका माझा चेहरा न्याहाळत राहिले.