पत्रिकेत छापलेली मोटार

मी खोटं बोलत नाही. खऱ्याला थोडं खत घालतो, एवढंच. आमच्या भागात खताशिवाय काही येत नाही, मग गोष्ट कशी येईल?

बारामतीजवळ जळोचीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, राहतोही तिथंच. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि माझी मतं. गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन येतं आणि मत घेऊन जातं. लॅपटॉप बऱ्याचदा माझ्याकडंच राहतो. कॉम्प्युटर कंपन्यांविषयी माझं पक्कं मत असं, की त्या दरवर्षी यंत्राचं एक भोक बुजवतात आणि गवंडीकामाचे पैसे आपल्याकडून घेतात. आधी सीडीचा कप्पा गेला, मग इंटरनेटच्या वायरीचं भोक गेलं, मग हेडफोनचं. पूर्वी बॅटरी अंगठ्यानं निघायची, आता ती काढायची म्हणजे पोस्टमार्टेम. आणि नव्या फोनच्या खोक्यात चार्जर नसतो, का, तर म्हणे पर्यावरणासाठी! आमच्या बाजारात म्हैस विकणारासुद्धा दावं सोडून घेतो, पण तो तोंडावर सांगतो, "दावं मिळायचं न्हाय." दावं पृथ्वीच्या भल्यासाठी ठेवून घेतोय, असं म्हणण्याचं धाडस अजून गुरांच्या कुठल्या हेड्याला झालेलं नाही.

गिऱ्हाइकांचं तरी काय सांगावं. पूर्वी पोरं बैलाचे दात मोजायची, आता रॅम मोजतात. एकानं माझ्या दुकानात येऊन नव्या फोनवर काढलेला बैलाचा फोटो दाखवला. इतका बारीक, की बैलाच्या पाठीवर बसलेल्या माशीनं सकाळी काय खाल्लं होतं तेही दिसत होतं. मी म्हटलं, "बैल झकास हाय." तर म्हणाला, "व्हता. त्यो इकूनच फोन घेतला."

अशा सगळ्या जगाला हसणारा मी. आणि अशा माझ्या हातून जे झालं ते आता सांगतो.

आमचं गावाकडचं घर पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याच्या कडेला. कडेला म्हणजे पावसाळ्यात कडेला. उन्हाळ्यात पाणी मागं मागं सरतं, बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो, आणि आमची पाणी उपसायची मोटार घरापासून दीड किलोमीटरवर जाऊन बसते. शेतीची लाईट आली की कुणीतरी काठावर जाऊन बटण दाबायचं. मधेच लाईट गेली की मोटार बंद, परत लाईट आली की परत दीड किलोमीटर. हे काम आमच्या घरात आईकडं कसं आलं, हे कुणालाच आठवत नाही. कामाची वाटणी झाली तेव्हा पुरुषमंडळी बहुधा फोनवर होती.

वर्षानुवर्षं चालून आईचे गुडघे गेले. ती पायवाटेला लागली की गुडघ्यांच्या आवाजानं पाण्यातले बगळे उठायचे. इंदापूरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "मावशी, आता चालणं कमी करा." आई म्हणाली, "मोटारीला सांगा."

ते माझ्या मनाला लागलं. मी बारामतीला गेलो आणि मोबाईल स्टार्टर घेतला. ही एक लोखंडी पेटी असते, आत सिमकार्ड. पेटी मोटारीपाशी लावायची आणि घरात बसून तिच्या नंबरावर फोन करायचा, की मोटार चालू. परत फोन केला की बंद. पेटीतली बाई शुद्ध मराठीत तसं कळवते. दुकानदारानं मला इतकं काही सांगितलं, की ती पेटी ऊसही तोडून कारखान्यावर घालून येईल असं वाटायला लागलं.

पेटी बसवताना आबा, म्हणजे माझे वडील, कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांचा यंत्रावर विश्वास नाही आणि माझ्यावर त्याहून नाही.

"इंजिनेर," ते म्हणाले, "ही पेटी चालली तर चालली. एकदा जरी घोळ घातला, तर उचलून पाण्यात टाकीन. मग तुझी आय हाय आन पायवाट हाय."

आई गुडघा धरून धोंड्यावर बसली होती. म्हणाली, "म्हंजी चुकनार पेटी, आन चालायचं म्या?"

"मग काय पेटी चालंल व्हय?"

पैज अशी लागली. माझा रुबाब आणि आईचे गुडघे एकाच पेटीत बंद झाले.

पेटी जोडताना मी एक हुशारी केली. स्टार्टरला सांगता येतं, की अमुक नंबराचाच फोन ऐक, बाकीचे झटकून टाक. पण मोटार चुलत्यांच्यात सामाईक, भावकी मोठी, आणि तिथं माणशी दोन सिम. एवढे नंबर कोण भरत बसणार? मी ते कुलूपच काढून टाकलं. कुणीही फोन करावा, मोटार चालू व्हावी. आबांना म्हटलं, "याला ओपन सिस्टीम म्हनत्यात."

आबा म्हणाले, "आमच्यात याला बिनदाराचा गोठा म्हनत्यात."

पण पेटी चालली. दीड महिना आई काठावर गेली नाही. बगळे निवांत झाले. आई ओसरीवर बसून तिच्या बटणांच्या फोनवरून मोटार लावायची आणि पेटीतल्या बाईनं "मोटार चालू झाली आहे" म्हटलं की "बरं बाई" असं उत्तर द्यायची. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवली. नंतर नंतर सांगताना त्यात पेटी मीच बनवल्याचं यायला लागलं.

मग बहिणीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच माझ्या कॉम्प्युटरवर. खाली संपर्कासाठी आबांचा नंबर टाकायचा होता. आबांनी सिम बदललेलं, नवा नंबर मला पाठ नाही. आबा म्हणाले, "माजघराच्या चौकटीवर लिवलाय." आमच्याकडं महत्त्वाचे नंबर चौकटीवर लिहितात. मी मागच्या खेपेला काढलेला चौकटीचा फोटो माझ्याकडं होताच. चौकटीवर खडूनं दोन नंबर लिहिलेले, एकाखाली एक. कुठला कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं, कारण घरातल्यांना माहीत असतं. मी वरचा उचलला.

छापण्याआधी पत्रिका भावकीच्या ग्रुपवर टाकली. तिथं तिची जी तपासणी झाली तशी पासपोर्टाचीही होत नसेल. धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्या मामांच्या खाली का? आत्याच्या नवऱ्यामागं 'श्री.' आहे, मग माझ्या नवऱ्यामागं का नाही? निमंत्रकांत माझ्या पोराला घेतलं, त्याच्या बायकोनं काय घोडं मारलंय? पाच दिवस खल चालला, दोन माणसं ग्रुप सोडून गेली, एकाला हाताला धरून परत आणावं लागलं. प्रत्येकानं आपलं नाव तपासलं, मग शेजाऱ्याचं आपल्या वर नाही ना ते तपासलं. तळाच्या नंबराकडं कुणीही बघितलं नाही. नंबराला मानपान नसतो ना!

पत्रिका वाटल्या आणि मोटारीच्या अंगात आलं. भर दुपारी आपोआप चालू व्हायची, घटकेनं आपोआप बंद. कांद्याला नको तेव्हा पाणी आणि हवं तेव्हा खडखडाट. चुलते म्हणाले, कुणीतरी पाणी चोरतंय. काठीला घुंगरू बांधून ते दोन दिवस पाइपलाइनवर फिरले. आबा माझ्याकडं बघायचे, मग उजनीच्या पाण्याकडं बघायचे. आईनं न सांगता माळ्यावरून जुन्या चपला काढून ठेवल्या, पायवाटेच्या. त्या चपला मी दारात बघितल्या. मी काठावर जाऊन पेटी उघडली, फुंकर मारली, बंद केली. कॉम्प्युटर दुरुस्तीतही पहिला उपाय हाच असतो.

हळदीचा दिवस उजाडला. मांडव घरापुढच्या मोकळ्या वावरात घातलेला, आचाऱ्यांनी त्याच्या कडेला चर खणून चुली मांडलेल्या. पाइपलाइनचं तोंड त्याच वावराच्या वरच्या अंगाला. पाव्हणे वाटेत, शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसपाळीची. आता बघा योग.

दुपारी वरकुट्याचे मामा, आईचे थोरले भाऊ, गाडीवरून उतरले ते थेट आबांच्या अंगावर.

"दाजी, तुमच्या घरात ती बाई कोन हाय?"

 हळद कुटणाऱ्या बायांचे हात वरच्या वर थांबले.

आबा चाचरत म्हणाले, "बाई? कुठली बाई?"

"मला इचारताय? मांडव घरापुढं हाय का गावात, ते इचारायला पत्रिकेवरल्या नंबराव फोन केला. बाई म्हनली, 'नमस्कार, मोटार चालू झाली आहे.' म्हनलं, चुकून लागला आसंल. परत केला. 'मोटार बंद झाली आहे.' म्या म्हनलं, आवो बाई, मोटारीचं ऱ्हाऊ द्या, मांडव कुठं हाय ते सांगा. तर 'धन्यवाद' म्हनून फोन ठिवला! सोयऱ्याला ही बोली?"

मागून आलेला आत्याचा नवरा म्हणाला, "मला बी तीच गावली. आवाज बाकी गोड हाय."

माझ्या हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. मी तळाचा नंबर बघितला. मग माझा फोन काढून स्टार्टरचा नंबर बघितला. मग खाली बघितलं, तर माझ्या पायाला पाणी लागलेलं होतं.

त्या क्षणी पाच तालुक्यांतले पाव्हणे रस्त्यात उभं राहून आमच्या मोटारीला वाट विचारत होते. फोन आला की चालू, दुसरा आला की बंद, तिसऱ्याला परत चालू. पाइपातून पाणी उचक्या देत येत होतं. ते वावरातून मांडवात, मांडवातून चरात. चुली एकामागून एक फस्स करून विझल्या. एक आचारी बुंदीची परात डोक्यावर घेऊन टेबलावर चढला. खुर्च्या तरंगल्या, आणि एका खुर्चीवर बसलेले पलीकडचे आजोबा उत्तरेला निघाले, असं मी सांगतो. खुर्च्या तरंगल्या नसतील. आजोबा मात्र उत्तरेला गेले होते, घरी, रागानं.

मी गाडी घेऊन काठाकडं सुटलो आणि पेटीची वायरच ओढली. परत आलो तेव्हा मांडवात भात लावता आला असता. बहीण हळदीच्या पाटावर पाय वर घेऊन बसली होती आणि हसत होती. तेवढी एकच व्यक्ती हसत होती.

आबा म्हणाले, "पेटी कुठाय?"

"तितंच हाय. तिचा दोष न्हाय, आबा. नंबर म्या चुकीचा छापला. आन कुलूप बी म्याच काढलं व्हतं."

"कुनाचा का आसंना. बोली झाली व्हती. उद्याच्याला पाण्यात टाकतो ती. जुनं ते बरं."

'जुनं ते बरं' म्हणताना त्यांनी आईच्या गुडघ्यांकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, की आई त्या चिखलात साडी खोचून, दारातल्या जुन्या चपला घालून उभी आहे. दोन्ही हात हळदीनं पिवळे.

"पेटीनं काय केलं?" ती म्हणाली. "जो बोलवंल त्याला व्हय म्हनली. म्या बी आजवर तेच केलं. मला कुठं पाण्यात टाकलंत?"

मामांनी टोपी काढून परत घातली. 

"पेटी ऱ्हानार," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "ते काय कुलूप काढलंस, ते परत बसव. आन नंबर घाल माझा एकलीचा."

"आन आमचा?" आबा म्हणाले.

"तुमी मला फोन करायचा."

"आन तू उचलला न्हाय तर?"

"तर पायवाट हायच की."

लग्न पार पडलं. चुली शेजाऱ्यांच्या अंगणात हलवल्या, आणि आजोबांना हाताला धरून दक्षिणेला आणलं. तिसऱ्या दिवशी मी पेटी जोडली, कुलूप घातलं, आईचा नंबर भरला. भरताना तीनदा वाचला, चौथ्यांदा आईनं स्वतः वाचून घेतला.

तेव्हापासून आमच्या भावकीची मोटार आईच्या बटणांच्या फोनवर आहे. त्या फोनला कॅमेरा नाही, भोकं मात्र सगळी शाबूत आहेत. चुलते फोन करतात, तेव्हा आधी तिच्या जावेची तब्येत कशी आहे ते सांगावं लागतं. मी जळोचीतून केला, की ती म्हणते, "लावते. पर शनवारी येताना बारामतीतनं गुडघ्याला लावायचं त्याल आन." मध्यंतरी स्टार्टरच्या कंपनीतल्या एका पोरीचा फोन आला, नवं मॉडेल आलंय, सगळं ॲपवर चालतं. आईनं विचारलं, "त्यात फोन उचलायचा का न्हाय, हे मला ठरवता येतं का?" पोरीनं वरिष्ठांना विचारून सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

परवा मी घरी होतो. लाईट आली. आबा ओसरीच्या या टोकाला, आई त्या टोकाला शेंगा फोडत बसलेली, मधे दहा पावलं. आबांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. आईचा फोन तिच्या मांडीपाशी वाजत राहिला. तिनं आधी ओंजळीतल्या शेंगा संपवल्या, हात झटकले, मग उचलला.

"आगं, लावती का मोटार? ऊस वाळाय लागलाय."

"लावते," आई फोनवर म्हणाली, "च्याचा कप इसळून ठिवला का?"

आबा फोन कानाला तसाच धरून उठले आणि कप घेऊन मोरीकडं गेले.