टाळी न वाजवणारे पंचकाका

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकात जयपूरच्या रेल्वे कॉलनीत असे एक गृहस्थ राहत होते, ज्यांनी सलग बावीस वर्षं कोणासाठीही एकदासुद्धा टाळी वाजवली नव्हती. ज्यांना धक्का बसला असेल त्यांनी घोटभर पाणी प्यावं. मी थांबते.

आम्ही त्यांना पंचकाका म्हणायचो. पोटासाठी ते पार्सल ऑफिसात कारकून होते. पण त्यांचा खरा जन्म झाला होता तो लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावपटूंच्या फेऱ्या मोजण्यासाठी. शहरात कुठेही शर्यत असो, पांढरी पॅंट, पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेन घालून काका हजर. दोन का? तर एक ऐन वेळी दगा देतं म्हणून. धावपटू समोरून गेला की घड्याळावर एक नजर, कार्डावर एक रेघ. चेहऱ्यावर मात्र काही नाही. आपण कुलूप लावलेल्या दाराकडे पाहतो आहोत असं वाटायचं.

“पंचाला लाडका माणूस नसावा,” ते म्हणायचे. “लाडका असला की एक फेरी जास्त दिसते, नावडता असला की एक कमी.” टाळीचंही तेच. आज एकासाठी वाजवली की उद्या दुसरा म्हणणार, माझ्यासाठी का नाही? काकांनी हे तत्त्व घरातसुद्धा पाळलं. कॉलनीच्या गणेशोत्सवात त्यांची स्वतःची मुलगी संगीत खुर्चीत पहिली आली, तेव्हा काका हात मागे बांधून उभे. आरतीच्या वेळी तरी पकडू म्हणून आम्ही पोरी टपून बसलो, तर या माणसाने झांजा उचलल्या!

काकू बरोबर उलट्या. दोघंही अकोल्याचे, पण काका ऑफिसात राहून छापील बोलायला शिकले होते आणि काकूंनी जयपुरात पंधरा वर्षं काढूनही अकोला सोडलं नव्हतं. भाजीवाल्याशीसुद्धा त्या वऱ्हाडीच बोलत, आणि तो बिचारा “हाँ काकीजी” म्हणत मिरच्या जास्त टाकी. कौतुक करायला त्यांना निमित्त लागायचं नाही. “याहीचे हात बांधलेले हायेत,” त्या म्हणायच्या, “मंग याहीच्या वाटचं मलेच कराव लागते.”

अशा घरात रामकरण जेवायला यायचा. शहरातल्या सोडाला भागात राहणारा, शिडशिडीत, मिशीवाला तिकीट तपासनीस. दहा हजार मीटर पळायचा. पहाटे कानोत्याच्या धरणापर्यंत धावून यायचा आणि दर रविवारी काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी नि ठेचा खायचा. त्याला पदकं मिळाली होती, पण त्याचा अभिमान वेगळाच होता. बारा वर्षांत त्याने एकही शर्यत अर्धवट सोडली नव्हती. एकदा बूट निसटला तर एका बुटावर पळाला. “काकी, पहला आऊँ या आखरी,” तो म्हणायचा, “नाम कागज पे आना चाहिए.” प्रत्येक शर्यतीचं निकालपत्रक त्याने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं.

मग ती मोठी स्पर्धा आली. देशभरातले रेल्वेचे खेळाडू जयपुरात जमले. आमच्या शहरातले दोघे त्यात शेवटचं उतरून खेळ सोडणार होते: थाळीफेकवाली सरोजदीदी आणि रामकरण. रामकरणचा गुडघा दुखत होता. पदकाची आशा त्यालाही नव्हती. फक्त पेटीतला शेवटचा कागद तेवढा हवा होता.

काकूंनी कॉलनीतल्या बायकांची सभा घेतली. ठरलं: दोघांनाही फेटा आणि औक्षण, थेट मैदानावर. साफे जयपुरात गल्लोगल्ली मिळतात, पण काकूंना आपल्याकडचाच फेटा हवा. शेवटी माझ्या वडिलांनी आमच्या पाण्याच्या घागरीवर दोन फेटे बांधून दिले.

पहिल्या दिवशी सरोजदीदीचा कार्यक्रम झकास झाला. तिची फेक संपली, आम्ही मैदानात गेलो. ती इतकी उंच, की काकूंना कुंकू लावता यावं म्हणून तिला गुडघ्यांवर बसावं लागलं. तशीच बसून ती हमसून रडली. काकूही रडल्या. काका शंभर पावलांवर पाठमोरे उभे राहून पेन झटकत होते.

दुसऱ्या दिवशी दहा हजार मीटर. म्हणजे पंचवीस फेऱ्या. काकांनी आधीच सांगितलं होतं, “मला रामकरणचं कार्ड देऊ नका. तो माझ्या घरी जेवतो.” मुख्य पंच हसले. “आपसे ज्यादा भरोसे का कौन है?” म्हणत त्यांनी नेमकं तेच कार्ड काकांच्या हातात दिलं. काका त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसले होते, जणू खुर्ची तापलेली होती.

आता माझा गुन्हा. मी गॅलरीत काकूंच्या शेजारी फेटा मांडीवर घेऊन शेंगा खात होते. सगळ्यात पुढचा धावपटू शेवटच्या फेरीला लागला आणि घंटा वाजली.

“हे कायची घंटी व?” काकूंनी विचारलं.

“संपलं काकू,” मी तोंडातल्या शेंगांसकट म्हणाले.

संपलं होतं ते पुढच्याचं. रामकरण दोन फेऱ्या मागे होता. पण शाळेपासून आजवर घंटा म्हणजे सुटी हेच काकूंना ठाऊक. त्या ताट घेऊन उठल्या, त्यांच्यामागे सगळ्या बायका, आणि फेटा माझ्याकडे असल्यामुळे मीही. वाऱ्यात निरांजन पेटवेपर्यंत पुढचे सगळे पोचून गवतावर आडवे झाले होते. इतक्यात रामकरण आला, लंगडत, घामाघूम. काकू सरळ त्याच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या.

“थांब रे बाबा!”

तो बाजूने निघून जाऊ शकला असता. पण ज्या हातची भाकरी बारा वर्षं खाल्ली त्या हातात ताट होतं. तो थांबला, म्हणजे जागच्या जागी पळत राहिला.

“काकी, दो चक्कर बाकी है!”

“असू दे. हालू नको, दिवा इझते!”

हलत्या कपाळावर लावलेलं कुंकू नाकापर्यंत उतरलं. मी फेटा चढवला. घागर त्याच्या डोक्यापेक्षा मोठी निघाली. फेटा थेट कानांवर बसला. रामकरणने वाकून काकूंच्या पायाला हात लावला आणि त्याच फेट्यात उरलेल्या दोन फेऱ्या पळाला. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. काका मान खाली घालून एक रेघ ओढत होते, मग आणखी एक.

शर्यत संपली आणि मुख्य पंच नियमाचं पुस्तक घेऊन आले. शर्यत चालू असताना बाहेरच्या माणसाने धावपटूला मदत केली तर त्याचं नाव निकालातून बाद. रामकरण गवतावर बसला होता. त्याने फेटा काढून मांडीवर घेतला. काकूंना हिंदी फारसं येत नसे, पण ‘नाम’ आणि ‘बाहर’ त्यांना कळलं. त्यांनी ताट गवतावर ठेवून दिलं. मला तर जमीन दुभंगावी असं झालं. पाहिलं सगळ्यांनी होतं, पण साक्ष चालणार होती ती ज्याच्या हातात कार्ड त्याची, म्हणजे पंचकाकांची. आणि काका खोटं बोलणार नाहीत हे मैदानावरच्या गवतालाही ठाऊक होतं.

“बताइए,” मुख्य पंच म्हणाले, “मदद मिली या नहीं? हाँ या ना?”

इथे मी मुद्दाम थांबते, कारण मला हा प्रसंग संपवायचा नसतो. काका निवृत्त होऊन अकोल्याला परतले, त्यांना जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांच्यामुळे मला एक खोड लागली आहे: कोणावर ठपका ठेवायच्या आधी, नेमकं काय घडलं ते एकदा मोजून पाहायचं. रामकरण मात्र सोडाल्यात मजेत आहे. मागच्या खेपेला गेले तेव्हा त्याने पेटी उघडून सगळ्यात वरचा कागद दाखवला. अगदी तळाला, शेवटचं नाव त्याचं. मुख्य पंचांनी आधी डोळे विस्फारले, मग पोट धरून हसत ते नाव लिहून घेतलं होतं.

कारण काका उठून उभे राहिले होते. पेन उघडं, कान लाल. इतक्या वर्षांचं छापील बोलणं कुठल्या कुठे गेलं, आणि हातातलं घड्याळ मुख्य पंचांच्या नाकासमोर धरून ते ओरडले:

“मदत कायची, साहेब? एक्केचाळीस सेकंद खाल्ले हिनं त्याचे!”