सरांचा मुदतीचा ताप

मोठ्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आमच्या सरांनी मावळातल्या लहान मुलांच्या जुलाबांवर संशोधन करायचं ठरवलं. मुलं पवनेच्या खोऱ्यातली, पण मुक्काम लोणावळ्यात. तिथं सरांच्या मित्राचा बंगला होता आणि तिथली हवा सरांच्या विचारांना मानवत असे. सकाळी सर, मी आणि ड्रायव्हर जीपमधून कामशेतवरून वळसा घालून खोऱ्यात उतरायचो आणि दुपारच्या चहाला परत बंगल्यावर. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात श्रीखंड, खालच्या कप्प्यात मुलांच्या शीचे नमुने. स्वयंपाकाच्या मावशींनी ते पाहिलं आणि फ्रिजला हात लावायचं सोडलं. श्रीखंड मग एकट्या सरांनाच संपवावं लागलं.

खोऱ्यातल्या तिकोणा पेठ गावात पहिल्या दिवशी देवळात माणसं जमली. सरांनी पाणी उकळून पिण्यावर भाषण दिलं. पाणी किती वेळ उकळावं, कशानं झाकावं, सगळं सांगितलं. सरपण कुठून आणावं, तेवढं राहिलं. मग त्यांनी जुलाब होणाऱ्या मुलांचे नमुने मागितले.

एक म्हातारे पुढं बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "सायेब, पोरांची शी पुन्याला नेऊन काय करनार?"

"तपासणार. त्यात कुठले जंतू आहेत ते कळेल."

"बरं. आन् पोराचं?"

"पोराचं काय?"

"त्याचं जुलाब कवा थांबनार?"

"तो पुढचा टप्पा आहे, आबा," सर म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

पुढचा टप्पा कधी येणार, हे मलाही माहीत नव्हतं. मंजूर झालेल्या योजनेत तो नव्हताच.

आठवड्याभरात डोंगरावरच्या वाडीतून एक बाई लेकीला पदरात गुंडाळून जीपपाशी आली. पोर वर्षा-दीड वर्षाची. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रडायची पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. सर खूश झाले. म्हणाले, "नमुना लगेच घ्या. आणि औषध काही देऊ नका, निष्कर्ष बिघडतील."

मी कापसाच्या काडीवर नमुना घेतला. मग त्या बाईला घेऊन जवळच्या घरात गेले. रुग्णालयातल्या एका परिचारिकेकडून मी मीठ-साखरेचं पाणी करायला शिकले होते. ते उकळून गार केलेल्या पाण्यात केलं आणि चमच्याचमच्यानं पाजायला बसले. पोरीनं आधी ओकून टाकलं. थोडं थांबून पुन्हा पाजलं.

"बाई, ह्यानं व्हईल का बरी?" तिच्या आईनं विचारलं.

"पाजत राहा. थांबू नका."

बाहेर जीपचा भोंगा वाजत होता. मी गेले नाही. सर दारात आले आणि म्हणाले, "हा आपला विषय नाही." मी म्हटलं, "सर, तुम्ही पुढं व्हा. मी एसटीनं येते." सर पुढं झाले. संध्याकाळी त्या पोरीनं लघवी केली, तेव्हा तिची आई आणि मी दोघी इतक्या हसलो की घरातली माणसं पाहायला आली. पोर जगली. आमच्या संशोधनात मात्र तिची नोंद 'मीठपाण्यामुळे बाद' अशी झाली.

श्रावण संपता संपता सरांना ताप भरला. सर स्वतः उकळलेल्या पाण्याशिवाय घोट घेत नसत. पण आंबी गावच्या एका बड्या शेतकऱ्यानं सत्काराला बोलावलं होतं आणि तिथं बर्फ घातलेलं सरबत होतं. सत्कारात सरबताला नाही कसं म्हणायचं? सरांनी तर ते स्वतःहून मागून घेतलं होतं.

मुदतीचा ताप होता, यात शंका नव्हती. पण पुण्याला जायला सर तयार होईनात. स्वच्छ पाण्यावर गावोगाव बोलणाऱ्या माणसाला विषमज्वर झाला, हे विभागात कळलं तर काय राहिलं? बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, पुण्याहून आल्या. सरांनी स्वतःच त्या काळातल्या हमखास कॅप्सूल सुरू केल्या. त्या औषधाला न जुमानणारे जंतू परदेशात सापडल्याच्या बातम्या येत होत्या. सर त्यांना हसायचे. "आपल्याकडचे जंतू साधे आहेत," असं ते वर्गात सांगत.

ताप काही उतरेना. बाईंनी माझ्याकडं रक्ताची बाटली दिली आणि म्हणाल्या, "कुणाचं ते लिहू नकोस." मी ती पुण्याला नेली. काचेच्या बशीत जंतू वाढवले आणि त्यांच्यावर औषधाची चकती ठेवली. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. इथं जंतू पार चकतीला चिकटून वाढले होते.

सर अंथरुणातून म्हणाले, "चकती जुनी असेल. पुन्हा करा."

पुन्हा केलं. तेच आलं.

"मग हात चुकला असेल तुमचा."

तेव्हा बाई उठल्या. "जंतू तुमचे, पोट तुमचं, आणि हात हिचा चुकला होय?" असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत कॅप्सूलची बाटली खिडकीतून बाहेर फेकली. ड्रायव्हरनं मुंबईहून दुसरं औषध आणलं. त्यानं हळूहळू ताप उतरला. सर कपड्यांत सैल झाले होते आणि भिंत धरून चालत होते. त्यांना तसं पाहून मला वाईट वाटलं. पण ते फार दिवस टिकलं नाही.

हिवाळ्यात पुण्यात डॉक्टरांची सभा भरली. अंधार केलेल्या खोलीत मी पारदर्शिका बदलत होते. पडद्यावर माझीच बशी होती. सर सांगत होते, "मावळातील एक रुग्ण. दूषित पेयाचं सेवन. या लोकांत आरोग्यशिक्षणाचा अभाव असतोच. शिवाय रुग्ण हटवादी होता, उपचार बदलायला तयार नव्हता." पुढच्या रांगेतल्या कुणीतरी सुस्कारा टाकला. टाळ्या भरपूर झाल्या.

एका वयस्कर डॉक्टरांनी आपुलकीनं विचारलं, "मग तो बिचारा आता कसा आहे?"

"बरा आहे," सर म्हणाले. "जरा अशक्तपणा आहे अजून."

आणि ते टेबलाचा आधार घेत खुर्चीवर बसले. मी पुढची पारदर्शिका लावली.