शाळूच्या रानाचा इंग्रजी अर्ज

माझ्या सासुरवाडीत कुणी इंग्रजीचं नाव काढलं की सगळे माझ्याकडे बघून का हसतात, विचारताय? ऐका तर मग. अब्रू माझीच जाणार आहे, तुमचं काय!

कोल्हापूरचे महाराज नुकतेच गादीवर आले होते. मी तिथंच मॅट्रिक झालेला, म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या सासुरवाडीत साक्षात बृहस्पती. तिथं एक गोरा साहेब डुकराच्या शिकारीला आला आणि मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कणसात आलेल्या शाळूत घोडी घालून गेला. निम्मं रान आडवं झालं.

मामा म्हणाले, "पावणं, साहेबाला इंग्रजीत अर्ज लिवा. भरपाई मागा. कडक लिवा, पर त्यो भडकाय नगं."

आता कडकही आणि गोडही कसं लिहायचं? मास्तरांनी आमच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं होतं, 'हॅज प्रोड्यूस्ड अ प्रोफाउंड इफेक्ट अपॉन अस.' म्हणजे, आमच्यावर फार खोल परिणाम झाला आहे. तेच घातलं. आपलं आगमन, आपली घोडी, सगळ्यांचाच खोल परिणाम! 'अपॉन'सुद्धा जागच्या जागी. त्या वाक्यावर मी इतका खूश झालो की शाळूचं नाव घालायचंच राहिलं. भरपाईचंही.

उत्तर आलं तेव्हा सगळा गाव पारावर जमला. मी आधी मनातल्या मनात वाचलं. साहेबानं लिहिलं होतं, 'इतकं मनापासून आभाराचं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. येत्या रविवारी मित्रांना घेऊन पुन्हा येतो.'

"काय म्हनतुया?" मामांनी विचारलं.

सगळ्या गावादेखत काय सांगणार? "साहेब जातीनं पाहणीला येणार आहेत," मी म्हणालो.

मामांचा ऊर भरून आला. "बघा, ह्यो माझा जावई." त्यांनी बोकड कापायचं ठरवलं.

रविवारी डझनभर घोडी आली. साहेबानं माझा हात धरून गदागदा हलवला, आणि सगळे उरलेल्या शाळूतून भरधाव गेले. परत येऊन मटणावर ताव मारून गेले ते वेगळंच.

मग मात्र मी पत्रात खरं काय होतं ते मामांना सांगून टाकलं. वाटलं, आता हे लेकीला माहेरीच ठेवून घेणार. पण मामांनी हसू दाबत स्वतः उठून माझ्या ताटात रस्सा वाढला.

"पाहणी लई बारकाईनं झाली, पावणं. एक धाट सोडलं न्हाय. आता एवढं करा, साहेबाला परत कागद लिवू नगासा. उसाचं रान अजून हुबं हाय."