म्युनिकचा डावा बूट

म्युनिकच्या ऑलिंपिक पार्कात माझा डावा बूट कचऱ्याच्या गाडीत गेला, आणि त्याबद्दल मी जर्मनीला अजून माफ केलेलं नाही.

'माझा' म्हणतोय खरा, पण जोड होता घाटकोपरच्या दिनकररावांचा, म्हणजे माझ्या साडूंचा! दुबईहून आणलेला, कोरा करकरीत. ऐंशीच्या दशकात मुलुंडहून युरोपच्या टूरला निघालेला माणूस पायात काय घालणार, या काळजीनं त्यांनी तो मला वापरायला दिला. (काळजी कसली, अख्ख्या घाटकोपरला सांगायला!) निघताना माझ्या बायकोनं, सुनंदानं, बजावलं, "अहो, नुसता ओरखडा जरी आला ना, तरी ताईला तोंड दाखवायची सोय राहणार नाही!"

बरोबर सुनंदा होती आणि माझे वडील, नाना. नानांनी जन्मभर व्यायामशाळेत पोरांना कबड्डी शिकवलेली. ऑलिंपिक होऊन बरीच वर्षं झाली होती, आता तिथं टुरिस्ट आइस्क्रीम खात फिरत होते. पण स्टेडियमच्या दारात पोचताच नानांनी वहाणा काढल्या.

"चपला काढा रे! मैदान आहे हे."

"नाना, इथं कुणी नाही हो काढत."

"ते त्यांचं बघतील. माझ्या मैदानात कलेक्टर आला तरी अनवाणी यायचा!"

काढल्या! सुनंदानं सँडल नानांच्या वहाणांशेजारी नीट मांडल्या. पण मी पडलो मुंबईकर! देवळांबाहेर मी आजवर इतक्या चपला घालवल्यात की मुलुंडमधले निम्मे चोर माझ्या मापाचे असावेत. त्यामुळे उजवा बूट रांगेत ठेवला आणि डावा लांब, तळ्याकाठच्या झुडपाखाली. एकटा बूट कोण कशाला नेईल?

"अहो, इथं कोण चोरतंय?"

"तू गप गं! चोर काय फक्त मुलुंडला जन्माला येतात? तुमच्या गेल्या की माझ्याकडे येऊ नका!"

आत मैदानाच्या कडेला नाना वाकले आणि माती कपाळाला लावली. (माती कसली, गवतच ते!) डोळे पाण्यानं भरलेले. "सार्थक झालं बघ," म्हणाले. माझाही ऊर भरून आला. मोजे तर केव्हाच भिजले होते.

बाहेर आलो. सँडल होत्या. वहाणा होत्या. उजवा बूट होता. झुडपाखाली मात्र काही नाही!

"वाट लागली!" मी ओरडलो. "चोर लेकाचे! अन् म्हणे युरोप!"

तिकडे बस हॉर्न मारत होती. टूर मॅनेजर देसाई धावत आले, तिथल्या झाडूवाल्याशी इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी बोलले आणि माझ्याकडे वळले.

"साहेब, तो म्हणतोय दारातल्या चपला कुणाच्या तरी आहेत हे दिसतंय, म्हणून हात लावला नाही. पण झुडपात एकच बूट? कचरा समजून टाकला."

"मग गाडी थांबवा ना!"

"गाडी गेली साहेब. इथं वेळेवर जाते."

आता सांगा, काय म्हणायचं या देशाला? माणसानं चोरांसाठी एवढी अक्कल खर्च करावी आणि ऐन वेळी चोरच नसावेत? मी बसमध्ये तावातावानं बोलत राहिलो. सुनंदा खिडकीबाहेर बघत राहिली. नाना तेवढे म्हणाले, "बाळ्या, मैदानात जाताना चोरांचा विचार करू नये रे."

सहार विमानतळावर दिनकरराव आणि ताई घ्यायला हजर! माझ्या पायांत रबरी सपाता, हातात उजवा बूट. सुनंदा ट्रॉलीमागे लपली. दिनकररावांनी सगळी कहाणी ऐकून घेतली, बूट हातात घेतला, रुमालानं पुसला आणि काखेत धरून निघाले.

तो बूट आता घाटकोपरला त्यांच्या शोकेसमध्ये आहे. आल्यागेल्याला दाखवतात, "हा ऑलिंपिक पार्क बघून आलाय!" परवा मी समोरच बसलो होतो. पाहुण्यांनी कौतुकानं बुटाकडे बघितलं आणि मला विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात का हो परदेशी?"

मी तोंड उघडायच्या आत दिनकरराव म्हणाले, "गेले होते ना! बुटाबरोबर कुणीतरी जायला हवंच होतं!"