आमच्या बांबूउडीचे गुरू ओकाबेसाहेब

मी खामगावच्या शाळेत शिकत होतो. एका संध्याकाळी आम्ही काही मुले मैदानावर बांबूच्या आधाराने दोरीवरून उड्या मारीत होतो. किंचित लंगडत चालणारे एक परदेशी गृहस्थ आत आले. बांबूवरची माझी मूठ त्यांनी वीतभर वर सरकवली आणि चक्क वऱ्हाडीत विचारले, "दोरीकडे काऊन पाहून राह्यला? पाय वर ने." श्री. ओकाबे यांचा माझा परिचय झाला तो असा.

एका जपानी कापूस-कंपनीचे खरेदीदार म्हणून ते इकडे आलेले. मराठी शिकले बाजारातल्या गाडीवानांकडून. दिवसभर कापसाच्या गाड्या तपासून झाल्या, की अंगावरची धूळ झटकून ते आम्हाला शिकवायला येत. खड्ड्यातली वाळू स्वतः हाताने चाळल्याशिवाय कोणाला उडू देत नसत. स्वतःविषयी मात्र चकार शब्द नाही.

प्रांताच्या सामन्यांसाठी माझी निवड झाली आणि घरी आकांत झाला. माझे वडील जानेफळचे शेतकरी. हे डोंबाऱ्याचे खेळ आपल्या घरात नकोत, म्हणून त्यांनी मला शाळेतूनच काढायचे ठरवले. हे कळताच साहेब थोडे मोटारीने, थोडे बैलगाडीने आमच्या घरी आले. आईने वाढलेले भाकर-पिठले त्यांनी खाल्ले. मग वडिलांनी विचारले,

"साहेब, पोराचा पाय मोडला, तं औत कोन हाकीन?"

आता साहेब धीर देतील, असे मला वाटले. त्यांनी विजार वर करून गुडघ्याखालचा लांब व्रण दाखवला.

"मोडू शकते. माहा मोडला."

तेव्हा प्रथमच कळले, की आपल्या देशात ते बांबूउडीत अव्वल गणले जात. समुद्रापार सामन्यांना जाण्यासाठी त्यांची निवडही झाली होती. निघण्यापूर्वीच्या सरावात बांबू मधोमध तुटला. जहाज त्यांच्यावाचून गेले आणि पुन्हा ते कधी उडाले नाहीत.

वडिलांनी वाकून तो व्रण नीट पाहिला. मग हळूच म्हणाले, "पस्तावा होते का?"

"मोडल्याचा होते. उडल्याचा नाही."

साहेबांना गाडीपर्यंत पोचवून वडील परतले, तेव्हा डोळे पुसत होते. मला एवढेच म्हणाले, "जा. मानूस खोटं नाही बोलला."

नागपूरला मी दुसरा आलो. साहेबांनी आधी पहिल्या आलेल्या मुलाची पाठ थोपटली, नंतर माझी. त्या दिवशी ते माझ्या मनाला लागले. आज मेहकरच्या शाळेत मुलांना खेळ शिकवताना मीही तसेच करतो.

साहेबांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. यंदाचा हंगाम आटोपला, की ते मायदेशी परतणार. त्यांचा प्रवास सुखाचा होवो, मायभूमीत त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. घराजवळ एखादे मैदान असो, आणि तिथली पोरे उडू लागली, की साहेबांना अंगणात बसून राहवू नये.